उमेदवारानेही मुलाखत घ्यावी

पिंपरीच्या संत तुकारामनगरात दोन मोठी रुग्णालये एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर उभी आहेत. एक महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. सर्वांच्या तोंडी ते ‘वायसीएम’ आहे. दुसरे डॉ. डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे. दोन्ही ठिकाणी एम.डी. आणि एम.एस.चे शिक्षण चालते. भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली कामगाराची बोटे सापडली आणि त्याला रात्री दोन वाजता अशा मोठ्या रुग्णालयात आणले, तर त्याची जखम प्रथम पाहणारा माणूस बहुधा नामवंत सर्जन नसतो. तो पंचविशी-सत्ताविशीतला निवासी डॉक्टर असतो. तो तेथे कसा पोहोचला, कोणत्या कसोटीतून पार पडला आणि तेथे येण्यापूर्वी त्याने त्या रुग्णालयाविषयी काय जाणून घेतले, हा प्रश्न केवळ डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांचा व त्यांच्या पालकांचा नाही. त्या कामगाराच्या हाताशीही त्याचा संबंध आहे.

एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि सक्तीच्या आंतरवासितेचे एक वर्ष संपले की या तरुणांपुढे ‘नीट-पीजी’ ही परीक्षा उभी राहते. साडेतीन तासांत २०० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. २०२५ साली ३ ऑगस्टला झालेल्या या परीक्षेसाठी देशभरातून सुमारे २ लाख ४२ हजार डॉक्टरांनी नोंदणी केली होती. परीक्षेने गुणवत्ता क्रमांक दिला की प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात. सरकारी महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीच्या समितीमार्फत भरल्या जातात. राज्याच्या वाट्याच्या जागा सीईटी कक्ष भरतो. अभिमत विद्यापीठांच्या जागा पुन्हा केंद्रीय समितीकडे. उमेदवाराने अर्ज भरायचा, अनामत रक्कम ठेवायची आणि महाविद्यालय व विषय यांचा पसंतीक्रम नोंदवायचा. मग संगणक जागा वाटतो. या सर्व प्रवासात एकही विभागप्रमुख उमेदवाराशी दोन शब्द बोलत नाही. मुलाखत नावाची गोष्ट त्यात नाहीच.

ती का नाही, याला इतिहास आहे. पदव्युत्तर जागांसाठी देशव्यापी परीक्षा १९८८ साली सुरू झाली, पण ती काही जागांपुरतीच होती. उरलेल्या जागांसाठी राज्याराज्यांच्या आणि संस्थासंस्थांच्या निराळ्या वाटा होत्या. डी.एन.बी. या राष्ट्रीय पदवीसाठी तर सामायिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही उमेदवाराला रुग्णालयामागून रुग्णालयाचे उंबरठे झिजवून मुलाखती द्याव्या लागत. खासगी महाविद्यालयांत गुणांपेक्षा थैलीचे वजन अधिक भरते, ही तक्रार तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९९२ व १९९३ सालच्या दोन गाजलेल्या निकालांत कॅपिटेशन शुल्काचा प्रश्न ऐरणीवर आला. बंद दाराआडच्या मुलाखतीत कोणाचा मुलगा, कोणाची शिफारस आणि कोणते आडनाव यांना किती भाव येतो, हे या देशात कोणी कोणाला सांगावे लागत नाही. २०१३ साली न्यायालयाने रद्द ठरवलेली आणि २०१६ साली पुन्हा वैध झालेली ‘नीट’ ही त्या अनुभवाची परिणती आहे. भोसरीतल्या फिटरच्या मुलीला आणि मुंबईतल्या नामांकित सर्जनच्या मुलाला एकच प्रश्नपत्रिका मिळते, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तेव्हा मुलाखत परत आणा, असे म्हणणे म्हणजे घरात पुन्हा चोरवाट पाडणे होय.

परंतु मुलाखतीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि तिची आठवण कोणी ठेवली नाही. मुलाखत ही एकतर्फी कधीच नसते. जो उमेदवार विभागप्रमुखापुढे बसतो, तोही विभागप्रमुखाला पाहत असतो. तो वॉर्डातून चालत जातो, वरच्या वर्षाच्या डॉक्टरांचे चेहरे वाचतो, शस्त्रक्रियागृहाबाहेर थांबलेल्यांची रांग पाहतो, वसतिगृहाची खोली पाहतो. आपण तीन वर्षे कोठे घालवणार आहोत, याचा अंदाज त्याला येतो. आज हा अंदाज घेण्याची कोणतीही रीतसर सोय नाही. उमेदवार रुग्णालय न पाहता जागा स्वीकारतो, आणि पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा नाकारली तर अनामत रक्कम गमावतो. अभिमत विद्यापीठांच्या जागांसाठी ही अनामत २ लाख रुपयांची असते. लग्न ठरवताना मुलीच्या घरचे वराचे घर पाहून येतात; येथे तेवढीही चौकशी होत नाही.

याचा परिणाम तयारीच्या स्वरूपावर झाला आहे. तयारी म्हणजे प्रश्नसंच, ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, सराव-चाचण्या आणि अभ्यासिकेतील बारा-चौदा तास. आंतरवासितेचे वर्ष खरे तर हात तयार होण्याचे. शीर शोधणे, जखम शिवणे, बाळंतपण करणे, मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगणे हे याच वर्षी शिकायचे असते. परंतु अनेकांच्या मनात ते वाचनात आलेला अडथळा ठरते. रुग्ण समोर, आणि लक्ष खिशातल्या मोबाइलवरील पुढच्या चाचणीकडे! दोष त्या मुलांचा नाही. ज्याचे गुण मिळतात, तेच माणूस करतो. पहिल्या प्रयत्नात मनासारखा क्रमांक मिळाला नाही की वर्ष ‘गॅप’ घेतली जाते, कधी दोन. ज्या वयात वर्गमित्रांतले अभियंते चाकणच्या कारखान्यात पगार घेऊन घरचे हप्ते फेडू लागतात, त्या वयात हा डॉक्टर वडिलांच्या पैशांवर अभ्यासिकेच्या खुर्चीत बसलेला असतो आणि त्याचे स्टेथोस्कोप खुंटीवर लटकत असते.

त्यातही परीक्षेची तारीख स्थिर नाही. २०२४ साली २३ जूनला होणारी परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलण्यात आली. दूरच्या केंद्रावर जाण्यासाठी रेल्वेत बसलेल्या डॉक्टरांना प्रवासातच ती बातमी कळली असेल. परीक्षा ११ ऑगस्टला दोन सत्रांत झाली आणि दोन निराळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण एका मापाने कसे मोजायचे यावर वाद झाले. पुढच्या वर्षी पुन्हा दोन सत्रे योजली होती. ३० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच सत्राचा आदेश दिला, तेव्हा परीक्षा १५ जूनवरून ३ ऑगस्टवर गेली. त्याच वर्षी जानेवारीत पदव्युत्तर प्रवेशातील अधिवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरल्याने राज्याराज्यांच्या जागांचा हिशेब नव्याने करावा लागला. अशा सरकत्या जमिनीवर उभे राहून जो तयारी करतो, त्याच्याकडून रुग्णालयांची बारकाईने चौकशी करण्याची अपेक्षा ठेवणे काहींना कठोर वाटेल. तरी ती ठेवली पाहिजे, आणि त्याचे कारण या पद्धतीच्या रचनेतच आहे.

या संदर्भात अमेरिकेतील पद्धत पाहणे उद्बोधक ठरेल. तेथे १९५२ सालापासून निवासी डॉक्टरांच्या नेमणुका ‘मॅच’ या पद्धतीने होतात. उमेदवार अनेक रुग्णालयांकडे अर्ज करतो. रुग्णालये निवडक उमेदवारांना मुलाखतीस बोलावतात. त्यानंतर दोन्ही बाजू आपापला पसंतीक्रम देतात आणि संगणक जोड्या जुळवतो. १९९८ साली या गणितात उमेदवाराच्या पसंतीला प्राधान्य देणारी सुधारणा झाली. ती करणारे अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांना २०१२ साली लॉइड शॅप्ली यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रातून तेथे जाऊ इच्छिणारे तरुण डॉक्टर या मुलाखतींची महिनोन्‌महिने तयारी करतात. आपल्याविषयी काय सांगायचे एवढेच ते ठरवत नाहीत. संस्थेला काय विचारायचे, याचीही यादी करतात. मुलाखतीच्या शेवटी ‘तुमचे काही प्रश्न आहेत का?’ असे विचारले जाते आणि त्या वेळी गप्प बसणारा उमेदवार उदासीन समजला जातो.

भारतातील जागावाटपही तत्त्वतः असेच जोड्या जुळवणे आहे. फरक एवढाच की येथे सर्व संस्थांचा पसंतीक्रम एकच आहे आणि तो आधीच ठरलेला आहे: परीक्षेतील क्रमांक व आरक्षणाचे नियम. संस्थेला निवड नाही. निवड आहे ती फक्त उमेदवाराला. म्हणजे या संपूर्ण यंत्रणेत विवेकाला जी एकमेव जागा उरली आहे, ती उमेदवाराने नोंदवलेल्या पसंतीक्रमात. क्रमांक एकदा लागला की तो बदलत नाही. पसंतीक्रम मात्र सर्वस्वी त्याच्या हातात असतो. आणि हीच यादी आज सर्वांत कमी विचाराने केली जाते. गेल्या वर्षी कोणत्या क्रमांकावर कोणती जागा बंद झाली, एवढा एक आकडा पाहायचा. मामा म्हणतात रेडिऑलॉजी, शेजारचे म्हणतात त्वचारोग, वर्गातला पहिला म्हणतो मेडिसिन. त्या क्रमाने नावे भरायची आणि अखेरच्या रात्री यादी बंद करायची. ज्या निर्णयावर पुढची तीस-चाळीस वर्षे उभी राहणार, त्याला दोन वर्षांच्या तयारीतले दोन दिवसही मिळत नाहीत.

मग विचारायचे काय? पहिला प्रश्न कामाचा. या विभागात किती खाटा आहेत, किती युनिट आहेत, आणि एका युनिटमागे किती निवासी डॉक्टर आहेत? अस्थिव्यंगशास्त्र घेणाऱ्याने तिसऱ्या वर्षाअखेर तेथील डॉक्टरच्या स्वतःच्या हातून किती शस्त्रक्रिया झालेल्या असतात हे विचारावे. नुसत्या पाहिलेल्या नव्हेत. दुसरा प्रश्न शिक्षणाचा. रोज सकाळची फेरी कोण घेतो? आठवड्यात किती वेळा रुग्णचर्चा होते? प्रबंधाचा विषय मार्गदर्शक समजावून देतात, की तो जुन्या प्रबंधावरून उतरवला जातो? तिसरा प्रश्न जगण्याचा. रात्रपाळीनंतर झोपायला मिळते का? महिला डॉक्टरांना विश्रांतीची कडी लागणारी खोली आहे का, आणि वॉर्डापासून वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात कामावर असलेल्या तरुण निवासी डॉक्टरवर रुग्णालयातच अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्यानंतर हा प्रश्न विचारण्यास संकोच वाटण्याचे कारण उरलेले नाही. चौथा प्रश्न पैशांचा व बंधनाचा. विद्यावेतन वेळेवर मिळते का, आणि शिक्षण संपल्यावर कोणत्या सेवेचा बंधपत्राने करार होतो? महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन बंधपत्रित सेवा टाळणाऱ्यावर ५० लाखांचा दंड आहे. तो करार वाचून सही करावी, सही करून वाचू नये.

या प्रश्नांना नियमांचा आधार आहे. निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास सामान्यतः दिवसाला १२ व आठवड्याला ४८ हून अधिक नसावेत, असे केंद्राच्या १९९२ सालच्या निवासी योजनेच्या आदेशात म्हटले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ सालच्या नियमावलीत साप्ताहिक सुट्टी, वर्षाला वीस दिवसांची रजा आणि राहण्याची सोय यांचा उल्लेख आहे. आयोगानेच नेमलेल्या कृतिगटाने २०२४ साली विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करताना आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. ४८ पासून ७४ पर्यंतचा हा प्रवासच पुरेसा बोलका आहे. नियम कागदावर राहतात, कारण ते पाळले जातात की नाही हे बाहेरच्या कोणाला दिसत नाही. आणि आत आल्यावर ज्याला दिसते, त्याला परीक्षेचे गुण त्याच विभागात मिळवायचे असतात.

गप्प राहण्याची किंमत किती असू शकते, हे २०१९ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्राने पाहिले. जळगाव जिल्ह्यातील आदिवासी समाजातून आलेल्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या महापालिका रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना त्यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ज्या गोष्टी घरातून कोणी सांगू शकत नाही, त्या गोष्टी त्याने कोणाला विचारायच्या? डॉक्टरच्या मुलाला वडिलांच्या एका फोनवर विभागाची आतली बातमी कळते. फिटरच्या मुलीला ती कळत नाही. परीक्षेने दोघांना एका रेषेवर आणले. माहितीच्या अभावाने पसंतीक्रमाच्या पानावर ती रेषा पुन्हा मोडते. मुलाखत गेली, परंतु ओळखीचा फायदा असा मागच्या दाराने परत आला आहे.

यावर उपाय अवघड नाही आणि त्याची पहिली पायरी घालून झालेली आहे. २०२५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने जागा अडवून ठेवण्याच्या प्रकारांवर निर्णय देताना, खासगी व अभिमत महाविद्यालयांनी प्रवेशफेऱ्यांपूर्वीच शिक्षणशुल्क, वसतिगृहशुल्क व इतर आकारांची माहिती जाहीर करावी, असा आदेश दिला. पैशांविषयी जे करता येते, ते कामाविषयी का करता येऊ नये? प्रत्येक विभागाने एक पान जाहीर करावे. खाटा, युनिट, अध्यापकांची संख्या, निवासी डॉक्टरांच्या गेल्या वर्षीच्या कामाचे सरासरी तास, दिलेल्या साप्ताहिक सुट्ट्या, प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या शस्त्रक्रिया वा प्रक्रिया, मध्येच शिक्षण सोडून गेलेल्यांची संख्या एवढी माहिती त्यावर असावी. शिवाय प्रवेशफेऱ्यांच्या आधी एक दिवस विभागाचे दार उमेदवारांना खुले ठेवावे आणि वरच्या वर्षाच्या डॉक्टरांना त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू द्यावे. याला नवा कायदा लागत नाही, फक्त लपवण्यासारखे काही नसावे लागते.

या कामी पुढाकार घेण्याचा पहिला मान पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेकडे जातो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली पिंपरीत उभा राहिला. म्हणजे या उद्योगनगरीच्या पायाभरणीत औषधाचाच वाटा आहे. १९८२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर गेली होती. वायसीएम हे येथील करदात्यांचे रुग्णालय आहे. तेथील पदव्युत्तर संस्थेत कोण शिकतो, कसा शिकतो आणि किती तास जागा राहून कामगारावर उपचार करतो, हे जाणून घेण्याचा हक्क त्या करदात्यालाही आहे. तुटलेल्या बोटांची शस्त्रक्रिया, वेल्डरचे डोळे, यंत्रांच्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती, धुळीने भरलेली फुप्फुसे ही येथील रोजची पाठ्यपुस्तके आहेत. दुसऱ्या गावाला नसलेली ही संपत्ती दिल्लीच्या संकेतस्थळावरील जागांच्या कोष्टकात दिसत नाही. ती उमेदवारांसमोर मांडली, तर क्रमांकाच्या भीतीने नव्हे, तर कामाच्या ओढीने येथे येणारे डॉक्टर मिळतील. आणि असा डॉक्टर शिक्षण संपल्यावरही याच पट्ट्यात राहण्याचा संभव अधिक.

एक आक्षेप येईल. ज्याचा क्रमांक मागे आहे, त्याला निवड कोठे आहे? मिळेल ती जागा घेणे त्याला भाग आहे. त्याने कसले प्रश्न विचारायचे? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे. २०२३ साली रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाईलपर्यंत खाली आणावी लागली. याचा अर्थ, काही जागांवर उमेदवारांची झुंबड असते, तशा कोणालाच नको असलेल्या जागाही असतात. जेथे खुर्च्या रिकाम्या राहतात, तेथे उमेदवाराचा शब्द अगदीच पोकळ नसतो. आणि हाती दोनच पर्याय असले तरी त्या दोघांतला बरा कोणता, हे डोळे उघडे ठेवूनच ठरवावे लागते. प्रश्न एकाने विचारला तर तो उद्धट ठरतो; शंभरांनी विचारला की ती प्रथा बनते, आणि प्रथेला उत्तर द्यावेच लागते.

पालकांनी आणि शिक्षकांनी येथे हातभार लावला पाहिजे. मुलाला अभ्यासिकेत बसवून दार लोटून घेण्याइतकीच, त्याला एक दिवस रुग्णालयात पाठवून ‘पाहून ये’ म्हणण्याची गरज आहे. आंतरवासितेच्या वर्षात जो जखम नीट शिवायला शिकला, त्याचे दहा गुण कदाचित कमी होतील. पण आपल्याला कोणते काम जमते आणि कोणते आवडते, हे त्याला ठाऊक असेल. पसंतीक्रम भरताना हे ज्ञान कोणत्याही सराव-चाचणीपेक्षा मोलाचे आहे. रात्री दोन वाजता प्रेसखालून निघालेला हात घेऊन जो कामगार अपघात विभागात येतो, तो डॉक्टरचा क्रमांक विचारत नाही. हे काम त्याने स्वतः निवडले होते की पदरी पडले म्हणून पत्करले, हे मात्र टाके घालणाऱ्या हातावरून त्याला कळल्यावाचून राहत नाही.